‘पाल्याकडे घरी लक्ष द्यावे’

प्रगतिपुस्तकातील ‘शेरा’ या रकान्यात तांबड्या शाईने लिहिलेले एक वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे असेल : ‘पाल्याकडे घरी लक्ष द्यावे.’ सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत हा शेरा निरुपद्रवी असतो. पालक सही करतात, चार दिवस मुलाला दम देतात आणि गाडी पुन्हा रुळावर येते. परंतु काही मुलांच्या प्रगतिपुस्तकात हा शेरा वर्षानुवर्षे उमटत राहतो. ही मुले आळशी नसतात, बुद्धीने कमीही नसतात. तरी त्यांना नीट वाचता येत नाही, लिहिता येत नाही, किंवा एका जागी बसवत नाही. अशा वेळी तो शेरा सूचना न राहता आरोप होतो. हा आरोप आला कोठून, शास्त्राच्या कसोटीवर तो कितपत टिकतो आणि त्याची किंमत अखेर कोण मोजतो, याचा थोडा विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून हा विषय मला अभ्यासाचा वाटतो. अशा एका मुलाची थोरली बहीण म्हणून तो मला केवळ अभ्यासाचा वाटत नाही.

मुलाच्या अडचणीचे खापर आईबापांच्या डोक्यावर फोडण्याची रीत एकट्या शाळांनी काढलेली नाही. एके काळी तिला शास्त्राचीच मान्यता होती. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला ‘स्वमग्नता’ म्हणतो, त्या अवस्थेचा अभ्यास या निबंधाने रुळला. इतरांशी संबंध जोडण्यातील ही अडचण उपजत असावी, असे कॅनर यांनी लिहिले. पण त्याच निबंधात या मुलांच्या आईबापांत जिव्हाळ्याची माणसे फार थोडी दिसली, अशीही नोंद केली. पुढे १९४९ साली तर त्यांनी अशा घरांतल्या मुलांना जणू फ्रिजमध्ये ठेवले आहे, अशी उपमा वापरली. उपमा लोकांच्या लक्षात राहिली आणि ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे बर्फासारखी थंड आई, हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यात भर टाकली ती शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी. ते स्वतः नाझी छळछावणीतून सुटून आलेले होते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकात त्यांनी या मुलांच्या अवस्थेची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. मूल कैदी ठरले की पहारेकरी कोण ठरणार, हे वेगळे सांगावयास नको! कितीएक मातांनी हा कलंक आयुष्यभर वाहिला.

या मताला पहिला मोठा धक्का दिला तो एका पालकाने. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. आपल्या पत्नीच्या वागण्यात ‘थंडपणा’ शोधूनही सापडेना, तेव्हा त्यांनी उपलब्ध सारे संशोधन तपासले आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिले, की या अवस्थेचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत शोधावयास हवे. विशेष म्हणजे त्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. पुढे १९६९ साली स्वमग्न मुलांच्या पालकांच्या मेळाव्यात कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास मांडला. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. आई तीच, घर तेच. फरक होता तो आनुवंशिक साम्याचा. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा हा वाटा पक्का केला.

मग एवढ्या विद्वान माणसांची गफलत झाली कोठे? त्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. दवाखान्यात आलेल्या आया थकलेल्या, ताणाखाली असलेल्या, कधी तुसड्या असतीलही. गफलत झाली ती कार्यकारणाची दिशा ठरवताना. आई अशी आहे म्हणून मूल असे झाले, की मूल अवघड आहे म्हणून आई अशी झाली? १९६८ साली रिचर्ड बेल यांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि मूलही पालकांना घडवीत असते, याकडे लक्ष वेधले. या प्रश्नाचा एक सुंदर पडताळा १९७९ साली बार्कली आणि कनिंगहॅम यांच्या प्रयोगात मिळाला. अतिचंचल मुलांच्या आया सतत हुकूम सोडतात, रागावतात, असे दिसून येई. संशोधकांनी आयांना काहीच शिकवले नाही. मुलांना औषध दिले. मुले सांगितलेले ऐकू लागली, तसे आयांचे हुकूम आणि रागावणे आपोआप कमी झाले. रागावणे हे बऱ्याच अंशी परिणाम होते. त्यालाच कारण समजले गेले होते.

ही कथा परदेशातील आणि बव्हंशी स्वमग्नतेची आहे. आपल्या शाळांशी तिचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध तर्काचा आहे. मूल अडखळते, घरात ताण दिसतो, आणि शाळा लागलीच निष्कर्ष काढते, की घर असे आहे म्हणून मूल अडखळते. आपल्याकडे या तर्काला सर्वाधिक बळी पडतात ती वाचन-लेखनाची अडचण असलेली मुले. या अडचणीला ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात. ‘तारे जमीन पर’ या २००७ सालच्या चित्रपटामुळे हा शब्द घरोघर पोचला, पण प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यापर्यंत अजून पुरता पोचलेला नाही. ही अडचण नवीनही नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, गणितात तरबेज. मात्र साधे शब्द त्याला वाचता येत नसत. त्याच्या मास्तरांचे मत असे होते, की सारे शिक्षण तोंडी दिले तर हा मुलगा शाळेत सर्वांत चलाख ठरेल. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांनी पर्सीच्या आईबापांकडे बोट दाखवले नाही. त्यांनी मुलाकडे नीट पाहिले.

माझा धाकटा भाऊ दुसरीत असताना त्याच्या वहीत ‘घर’चे ‘धर’ आणि ‘भात’चे ‘मात’ होऊ लागले. वेलांटी कोणत्या बाजूला द्यायची हे त्याला ठरवता येत नसे. जोडाक्षर आले की तो थांबे. फळ्यावरचे उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसून मोकळ्या झालेल्या असत. पण ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगे आणि वाण्याकडचा हिशेब त्याने कधी चुकवला नाही. आमचे वडील एस.टी.त कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते. शाळेने प्रथम सांगितले, ‘आई कामात असते, मुलाकडे बघायला वेळ नाही.’ आईने तीन महिने शिवण घेणे बंद केले. त्या तीन महिन्यांत घरात काय काय थांबले, ते मला ठाऊक आहे. ती रोज रात्री त्याला घेऊन बसू लागली, तेव्हा शाळा म्हणाली, ‘तुम्ही त्याच्या फार मागे लागता, म्हणून तो बुजला आहे.’ मग, ‘आई सातवीच शिकलेली, ती काय शिकवणार!’ शिकवणी लावली, तर ‘शिकवणीची सवय लागल्यामुळे तो वर्गात लक्ष देत नाही.’ पुढे पुढे आई पालकसभेला जाईनाशी झाली. मग तीही नोंद झाली : ‘पालक सभेस येत नाहीत.’

या आरोपांची गंमत अशी, की ते कोणत्याही घराला लागू पडतात. आई नोकरी करणारी असेल तर दुर्लक्ष, घरी असेल तर लाड. शिकलेली असेल तर दडपण, नसेल तर अज्ञान. एकत्र कुटुंब असेल तर गोंगाट, विभक्त असेल तर एकटेपणा. जे स्पष्टीकरण प्रत्येक घराला लागू पडते, त्याने कशाचेच स्पष्टीकरण होत नाही. शिवाय त्याच शाळेत, त्याच आईबापांची मुलगी म्हणून मी शिकले होते. मला बक्षीस मिळाले त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ‘घरचे संस्कार’ म्हणून आईवडिलांचे स्नेहसंमेलनात कौतुक केले होते. ते संस्कार चार वर्षांत आटले होते काय?

येथे दोन गोष्टी स्पष्ट करावयास हव्यात. पहिली : घराचा परिणाम मुलावर होत नाही, असे मला म्हणावयाचे नाही. उपासमार, मारहाण, सततची भांडणे यांनी कोणतेही मूल कोमेजते. पण डिस्लेक्सिया संस्कारांच्या अभावाने जडत नाही. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. एकाच घराण्यात अनेकांना असल्याचे आढळते. आईबापांकडून जनुके आली म्हणजे दोषही आला, असे होत नाही. कारण आणि अपराध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी : शिक्षकांविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे; साठ मुलांचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला विचारा, म्हणजे कागद आणि वर्ग यांतील अंतर कळेल. आपली शिकवण्याची शिकस्त झाली आणि तरी मूल शिकत नाही, तेव्हा जी असहायता येते, तीच पुष्कळदा दोषारोपाचे रूप घेते.

तरीही जबाबदारी कोणाची, हे आता मोघम राहिलेले नाही. महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींमुळे कितीतरी मुले शाळेबाहेर फेकली जाण्यापासून वाचली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता हे दोन्ही आले. याच कायद्याच्या १६ व्या कलमानुसार शासनमान्य शाळांमध्ये अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखली जावी आणि तिच्यावर योग्य शैक्षणिक उपाय व्हावेत. म्हणजे ‘मूल वाचत का नाही?’ हा प्रश्न विचारण्याचे काम प्रथम शाळेचे आहे. ‘घरी लक्ष द्यावे’ असे लिहून तो प्रश्न घराकडे ढकलला, की मधल्या काळात वर्षे जातात, आणि ती वर्षे मुलाची असतात.

माझ्या भावाची चार वर्षे अशी गेली. सहावीत आलेल्या नव्या बाईंनी एक दिवस इतिहासाचे प्रश्न त्याला तोंडी विचारले, सगळी उत्तरे ऐकली आणि आईला बोलावून सांगितले, ‘मुलगा हुशार आहे. अडचण दुसरीच काही दिसते, आपण त्याची तपासणी करून घेऊ.’ शासकीय रुग्णालयात आधी त्याचे डोळे आणि कान तपासले, मग बुद्धिमापन झाले, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. डॉक्टरांनी अध्ययन-अक्षमतेविषयी सारे समजावून सांगितले. त्यावर आईने एकच विचारले, ‘म्हणजे आमचं काही चुकलं नव्हतं ना?’ मुलाचे पुढे काय, हे तिने नंतर विचारले. चार वर्षांत तिच्या मनावर काय साचले होते, ते मला त्या क्षणी कळले. आता तो नववीत आहे. अजूनही सावकाश वाचतो, पण वाचतो. आणि आई पुन्हा पालकसभेला जाते.

आपल्या महाविद्यालयातून दर वर्षी कितीतरी जण बी.एड.ला जातात. उद्या तांबडी शाई आपल्याही हाती येणार आहे. एखाद्या प्रगतिपुस्तकात तोच तो शेरा तिसऱ्यांदा लिहिण्याची वेळ आली, तर लेखणी क्षणभर थांबवावी. मुलाला जवळ बसवून एक उतारा वाचावयास लावावा, तोच उतारा त्याला वाचून दाखवून तोंडी प्रश्न विचारावेत आणि दोहोंत पडणारे अंतर पाहावे. अंतर मोठे असेल तर त्याच्या आईवडिलांना अवश्य बोलवावे, बसावयास खुर्ची द्यावी आणि विचारावे, ‘घरी त्याला काय काय छान जमते?’ त्या मुलाविषयी जे आपल्याला ठाऊक नाही, ते या जगात बहुधा त्या दोघांनाच ठाऊक असते.