व्हेंटिलेटरवरून मूल उतरवताना

न्यूमोनिया, सेप्सिस, मण्यारीचा दंश किंवा मोठी शस्त्रक्रिया यांमुळे मुलाला स्वतःहून पुरेसा श्वास घेता येईनासा झाला, की श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटर लावतात. लावण्याचा निर्णय अनेकदा काही मिनिटांत होतो. काढण्याचा निर्णय त्याहून अवघड. घाई झाली तर मूल थकते आणि नळी पुन्हा घालावी लागते. उशीर झाला तर फुफ्फुसात नवा जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते आणि श्वासपटल दुबळे होते. सगळा श्वास यंत्रच देत राहिले, तर हा स्नायू दोन-तीन दिवसांतच रोडावू लागतो.

त्यात लहान मुलांची शरीररचना वेगळी. तान्ह्या बाळाची श्वासनलिका स्वरयंत्राखाली जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असते. नळीच्या घर्षणाने तिथे चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर हवेची वाट चौथाईवर येते. मोठ्या माणसाला तेवढी सूज फारशी जाणवतही नाही. बाळाच्या बरगड्या मऊ असतात, श्वासपटल लवकर थकते आणि वजनाच्या मानाने त्याला प्राणवायू मोठ्यांच्या जवळपास दुप्पट लागतो.

मूळ आजार ओसरला, प्राणवायूची गरज घटली आणि रक्तदाब सावरला, की आधी गुंगीची औषधे कमी करतात. मुलाने नळी ओढून काढू नये म्हणून ती द्यावीच लागतात. पण गुंगी जास्त राहिली तर मूल श्वास घ्यायचा आणि खोकायचाच विसरते. उत्तर अमेरिकेतील १० अतिदक्षता विभागांत १८२ मुलांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. व्हेंटिलेटर ठरावीक पद्धतीने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा त्यात वेगळा फायदा दिसला नाही. पण आधार कमी करू लागल्यावर पहिल्या २४ तासांत ज्यांची गुंगीची औषधे वाढवावी लागली, त्यांची नळी काढण्याचा प्रयत्न अधिक वेळा फसला. औषधे एकदम बंदही करता येत नाहीत. बरेच दिवस ती घेतलेले मूल मग थरथरते, घामाघूम होते, कशानेही शांत होत नाही.

मूल जागे होऊ लागले, की चाचणी घेतात. यंत्राचा आधार अगदी कमी करून अर्धा तास, आणि धोका जास्त असेल तर एक ते दोन तास, मुलाला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतात. परिचारिका खाटेशी उभी असते. मॉनिटरवरच्या आकड्यांइतकेच तिचे लक्ष मुलाच्या अंगावर असते: नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, कपाळावर घाम आहे का. यातले काही दिसले तर चाचणी थांबवून आधार पुन्हा वाढवतात.

चाचणी पार पडली तरी हवेच्या वाटेचा प्रश्न उरतोच. नळीभोवतीचा फुगा रिकामा करून बाजूने हवा सुटल्याचा आवाज येतो का, ते ऐकतात. सुजेचा धोका वाटल्यास निदान सहा तास आधी डेक्सामेथासोन सुरू करतात. पोट रिकामे ठेवतात, सक्शनने कफ काढतात, चिकटपट्टी सोडवतात आणि नळी बाहेर घेतात. त्यानंतर श्वास आत घेताना घरघर वाजू लागली, तर अ‍ॅड्रिनलिनची वाफ देतात. एक वर्षाखालच्या, धोका असलेल्या बाळांना नाकावाटे सीपॅपचा, म्हणजे सतत दाबाने हवा देण्याचा, आधार देण्याची शिफारस २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे.

पुढचे ४८ ते ७२ तास महत्त्वाचे. तेवढ्यात नळी पुन्हा घालावी लागली तर प्रयत्न फसला असे धरतात. सगळी काळजी घेऊनही काही मुलांच्या बाबतीत ते घडते. नसा आणि स्नायूंच्या आजारांत तर हा प्रवास फार लांबतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्याची साथ आली, त्या जीबीएसमध्ये (गिलाँ-बारे सिंड्रोम) फुफ्फुसे निरोगी असतात, पण श्वासाच्या स्नायूंना चालवणाऱ्या नसा सावरायला कित्येक आठवडे लागू शकतात. अशा वेळी गळ्याला छेद देऊन नळी बसवणे, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी, हा सुरक्षित मार्ग ठरू शकतो.

ब्रिटनमधल्या १८ विभागांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुले नळी काढण्यासाठी तयार आहेत का, हे परिचारिकांनी रोज पडताळले. व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ६६.२ तासांवरून ६४.८ तासांवर आला. फरक थोडा आहे, पण तो नव्या औषधाने किंवा यंत्राने नव्हे, तर रोज पडताळण्याच्या शिस्तीने आला. म्हणून मूल व्हेंटिलेटरवर असलेल्या पालकांनी डॉक्टरांना रोज निःसंकोच विचारावे: आज त्याची चाचणी घेता येईल का, आणि येत नसेल तर कशामुळे?