भक्ती बर्वे
भक्ती बर्वे-इनामदार (१० सप्टेंबर १९४८, सांगली – १२ फेब्रुवारी २००१) या मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री, निवेदिका व मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका होत्या. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या नाटकातील मंजुळा साळुंखे या भूमिकेमुळे त्यांचे नाव घराघरांत पोहोचले. १९९० साली त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

== बालरंगभूमी ==
भक्ती बर्वे यांची सुरुवात सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’मधून झाली. करमरकर यांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’ने ही संस्था सुरू केली. तोपर्यंत मुलांचे नाटक म्हणजे बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनातील हौशी करमणूक असे. करमरकर यांनी ते व्यावसायिक नाटकाच्या तोडीच्या नेपथ्य-प्रकाशयोजनेसह नाट्यगृहात आणले. बालप्रेक्षक भिडस्त नसतो. कंटाळला की तो बोलू लागतो आणि संवाद नीट ऐकू आला नाही तर तसे मोठ्याने सांगतो. अशा प्रेक्षकासमोर मिळालेल्या तालमीचा उपयोग पुढील काळातील त्यांच्या स्पष्ट शब्दोच्चारात व चपळ हालचालींत दिसतो, असे म्हणता येईल.

== दूरदर्शन ==
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या केंद्राच्या मराठी वृत्तनिवेदकांत भक्ती बर्वे यांचा समावेश होता. एकच वाहिनी असल्याच्या त्या काळात वृत्तनिवेदकाचा उच्चार हाच अनेक घरांत प्रमाण मराठीचा नमुना मानला जाई. दूरदर्शनवरच त्यांनी कवयित्री बहिणाबाई चौधरी यांची भूमिकाही साकारली.

== ती फुलराणी ==
जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या १९१३ च्या नाटकाचे हे मराठी रूपांतर १९७५ मध्ये रंगमंचावर आले. निर्मिती इंडियन नॅशनल थिएटरची होती आणि दिग्दर्शन स्वतः देशपांडे यांचे. भाषातज्ज्ञ प्राध्यापक अशोक जहागीरदार यांची भूमिका सतीश दुभाषी यांनी केली.

शॉ यांच्या नाटकात लंडनच्या गरीब वस्तीतील बोली आणि उच्चभ्रूंची इंग्रजी यांचा सामना आहे. मराठीत तो तसाच उचलून चालण्यासारखा नव्हता, कारण येथे उच्चाराला वर्गाइतकीच जातीचीही किनार आहे. ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणाऱ्याला हसणे ही मराठी समाजाची जुनी खोड आहे. वास्तविक हा उच्चार अनेक बोलींत नियमानेच येतो. मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. ती चूक नसून त्या बोलींची घडण आहे. फुलवाली मंजुळा जेव्हा प्राध्यापकाच्या अहंकारावर उलटते, तेव्हा ती या हसण्यालाच उत्तर देत असते.

या भूमिकेत अभिनेत्रीला एकाच प्रयोगात दोन मराठी बोलाव्या लागतात, आणि त्यांच्यामधला प्रवासही दाखवावा लागतो. शिकलेले शब्द जिभेवर आले आहेत पण अंगवळणी पडलेले नाहीत, ही मधली अवस्था सर्वांत अवघड. बोलीची नुसती नक्कल केली तर मंजुळा विनोदाचा विषय होऊन बसते. बर्वे यांची मंजुळा हास्य वसूल करीत असे, परंतु तिचा स्वाभिमान कोठेही सुटत नसे. प्रमाण उच्चारासाठी ओळखल्या जाणाऱ्या वृत्तनिवेदिकेने हे करावे, यात एक गंमतही होती.

पुढे अमृता सुभाष, हेमांगी कवी आदी अभिनेत्रींनी मंजुळा साकारली. तुलना मात्र बर्वे यांच्याशीच होत राहिली.

== इतर नाटके व चित्रपट ==
‘अजब न्याय वर्तुळाचा’, ‘अखेरचा सवाल’, ‘हँड्स अप’ आणि ‘आई रिटायर होतेय’ ही त्यांची अन्य नाटके. शेवटच्या नाटकात घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांनी रंगवली. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘गांधी आणि आंबेडकर’मधील विदूषक ही फुलराणीपासून पुष्कळ दूरची आणि तुलनेने कमी चर्चिली गेलेली भूमिका होय.

चित्रपटांत त्या थोड्याच दिसल्या. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मधील धूर्त संपादिका शोभा सेन ही त्यांची अमराठी प्रेक्षकांना परिचित असलेली भूमिका. गोविंद निहलानी यांच्या ‘हजार चौरासी की माँ’ (१९९८) मध्येही त्यांनी काम केले.

== वैयक्तिक जीवन व निधन ==
अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. त्यांचे १३ मार्च १९९६ रोजी हृदयविकाराने निधन झाले.

‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रम बर्वे सादर करीत. पु. ल. देशपांडे यांचे १२ जून २००० रोजी निधन झाले. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी, वाई येथील कार्यक्रम आटोपून मुंबईस परतत असताना, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रायगड जिल्ह्यातील भाताण बोगद्याजवळ झालेल्या मोटार अपघातात भक्ती बर्वे यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्या ५२ वर्षांच्या होत्या.