अद्ययावतीकरण आणि लॅपटॉपचे मांद्य : काही रूढ गैरसमज

लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत झाली, यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि कालपर्यंत ज्या फायली निमिषार्धात उघडत होत्या त्यांच्यासाठी आज पडद्यावरच्या फिरत्या वर्तुळाकडे पाहत बसण्याची पाळी आली, की घरोघर एकच निदान ऐकू येते : नवे यंत्र खपावे म्हणून कंपनीने जुने मुद्दाम मंद केले. हा संशय अगदीच हवेतला आहे असे म्हणवत नाही. जीर्ण बॅटरीच्या आयफोनांचा वेग आपण अद्ययावतीकरणातून उतरवीत आहोत, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, आणि ग्राहकांना त्याची वर्दी न दिल्याबद्दल २०२० साली फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला. फोन अकस्मात बंद पडू नये एवढाच हेतू होता, हा कंपनीचा जबाब ग्राह्य धरला तरी संशयाला जो दाखला मिळायचा तो मिळालाच. ॲपलच्या कबुलीच्या लगेच पुढल्या महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी प्रोसेसरांच्या रचनेतील गंभीर दोष उजेडात आले, आणि त्यांवरील उपायांमुळे हॅसवेल किंवा त्याहून जुन्या पिढीच्या प्रोसेसरांवर, विशेषतः विंडोज ७ किंवा ८ वापरणाऱ्यांना, मांद्य जाणवेल, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केले. परंतु लॅपटॉपविषयी जी तक्रार सामान्यतः कानी येते तिची कारणे याहून पुष्कळ साधी असतात, आणि ती शोधण्यास कोणाच्या अंतःस्थ हेतूचा ठाव घ्यावा लागत नाही.

पडद्यावर नेहमीचे चित्र दिसू लागले म्हणजे अद्ययावतीकरण संपले, ही समजूत या सर्व घोटाळ्याचे मूळ आहे. मोठी आवृत्ती बसल्यानंतर शोधासाठी लागणारी फायलींची सूची नव्याने तयार होते, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपली तपासणी सुरू करतो, डॉटनेटचे घटक नव्या आवृत्तीस अनुरूप असे पुन्हा संकलित होतात, निरुपयोगी झालेल्या जुन्या घटकांची आवराआवर होते. मॅकवरही स्पॉटलाइटची सूची अशीच फिरून बांधली जाते. ही बरीचशी कामे यंत्र रिकामे असताना उरकावीत अशी योजना असते, आणि त्यामुळे होते असे की वैतागून झाकण मिटणारा गृहस्थ आपल्याच हाताने ती लांबणीवर टाकतो, कारण झोपी गेलेल्या लॅपटॉपात सूची बांधली जात नाही. चार्जर लावून, झोपेची मुदत तूर्त काढून टाकून, यंत्र काही तास, फार तर एक रात्र, स्वस्थ सुरू ठेवावे. निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यावर निकालात निघाव्यात.

उरलेल्या तक्रारींसाठी मात्र औषधाआधी नाडी पाहावी. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, आणि त्यातले सीपीयू, मेमरी व डिस्क हे तीन रकाने दहा मिनिटे नुसते पाहत राहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. सर्वांत वरच्या ओळीत ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ किंवा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ अशी नावे असतील तर वर सांगितलेली कामे अजून चालू आहेत, आणि त्या ओळी बळेच बंद करणे म्हणजे अर्धे काम अर्धेच ठेवणे. परंतु दोन-तीन दिवस लोटल्यावरही प्रोसेसर जेमतेम दहा टक्के राबतो आहे आणि डिस्कचा रकाना मात्र शंभरावर लाल होऊन खिळला आहे, असे दिसले, तर गुन्हेगार सापडला असे बेलाशक समजावे.

तो गुन्हेगार म्हणजे फिरती हार्ड डिस्क. त्याच खिडकीतील परफॉर्मन्स या विभागात डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी हे लिहिलेले असते. जुन्या लॅपटॉपांतील हार्ड डिस्क बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास ११ सहस्रांश सेकंद लागतात; हवा तो मजकूर वाचणाऱ्या शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, त्यात खुद्द शीर्ष एका वर्तुळावरून दुसऱ्यावर नेण्याचा काळ, असा हिशोब मांडला तर विखुरलेली शंभर वाचने करण्यासही एक सेकंद पुरत नाही. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे तेवढ्याच अवधीत अशी हजारो वाचने होतात. आजची ऑपरेटिंग सिस्टीम पडद्याआड सतत बारीकसारीक लिहीत-वाचीत असते. त्यामुळे नव्या आवृत्तीने यंत्र मंद केले असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तिने इतकेच केलेले असते की, डिस्कची मुळातच तोकडी असलेली शक्ती आता पुरेनाशी झाली आहे ही गोष्ट उघडकीस आणली. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवणे हा माझ्या मते या विषयातला एकमेव उपाय असा आहे की ज्यावर खर्चलेला पैसा दुसऱ्याच दिवशी दिसतो. मेमरी चार जीबीच असेल तर तीही वाढवावी. मात्र कित्येक सडपातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डावर कायमची जोडलेली असते, सबब आधी खातरजमा करावी.

असे असता लोक पैसे कुठे घालतात? ‘क्लीनर’ नावाच्या प्रोग्रॅमांत. रजिस्ट्रीतील काहीशे निरुपयोगी नोंदी पुसल्याने वेग वाढतो हा समज विलक्षण चिवट आहे. लक्षावधी नोंदींच्या त्या दप्तरात एवढ्या नोंदींचा भार नगण्य असतो, आणि चुकून कामाची नोंद पुसली गेली तर नसते दुखणे मागे लागते, म्हणूनच असल्या प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. मेमरी ‘मोकळी’ करून देणाऱ्यांचे काम तर पाहुणे दारात असताना ओट्यावरचे डबे माळ्यावर टाकण्यासारखे : सिस्टीमने लवकर हाती लागावे म्हणून जे मेमरीत आणून ठेवले ते काढायचे, आणि लगेच डिस्कवरून पुन्हा आणायला लावायचे. एसएसडीला डीफ्रॅगमेंट करण्याचीही गरज नसते. तिची जी निगा राखायची ती विंडोज आपल्या नियत वेळी स्वतःच राखते. त्याऐवजी टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप ॲप्सची यादी उघडून, यंत्रासोबत आपोआप सुरू होणाऱ्या आगंतुकांना मज्जाव करावा. त्याला दमडीही लागत नाही.

रोज रात्री यंत्र बंद करतो, म्हणजे सकाळी ते कोरे करकरीत सुरू होते, असे मानणारेही पुष्कळ. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास शट डाउन केल्यावर सिस्टीमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जतन होतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. परफॉर्मन्स विभागातला ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसतो तो यामुळे. खरी नवी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच करावे.

मग अद्ययावतीकरणच कायमचे बंद का करू नये? २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नामक उपद्रवी प्रोग्रॅमने जगभर जो उत्पात केला त्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही कोलमडले. त्याच्या प्रसाराच्या मार्गांपैकी एक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. (तो युक्रेनमध्ये शिरला तो एका हिशोबाच्या प्रोग्रॅमच्या अद्ययावतीकरणातूनच, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.) नवी आवृत्ती खरोखरच सोसत नसेल तर विंडोज १० आणि ११ मध्ये मोठ्या आवृत्तीनंतर दहा दिवसांपर्यंत मागे फिरण्याची मुभा असते, आणि त्यासाठीच ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर राखलेला असतो. डिस्क काठोकाठ भरलेली नसेल तर त्याच्या असण्याने वेग कमी होत नाही, तेव्हा जागेच्या लोभाने तो पहिल्याच दिवशी पुसून परतीची वाट बंद करू नये.

राहता राहिला दुकानदाराचा ठरीव सल्ला, ‘एकदा फॉरमॅट मारून घ्या’. त्याने वेग वाढतो हे खोटे नाही, कारण वर्षानुवर्षांचे आगंतुक एका झटक्यात हद्दपार होतात. पण डिस्क फिरती असेल तर ती फिरतीच राहते, आणि नवे प्रोग्रॅम बसले की महिन्या-दोन महिन्यांत पूर्वीचेच दिवस येतात. मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले जुने दस्तऐवज पेन ड्राइव्हवर जपून ठेवले, आणि टंकांच्या फायली नेमक्या राहून गेल्या, तर फॉरमॅटनंतर ते उघडताच पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मजकूर शाबूत असतो, केवळ टंक गेलेला असतो. म्हणून दुकानात यंत्र देण्यापूर्वी विंडोजमधील फॉन्ट्स हा फोल्डर उघडून हे टंक वेगळे काढावेत, आणि प्रोग्रॅमासोबत डाँगल मिळाले असेल तर ते कोणत्या खणात आहे हेही पाहून ठेवावे.