चाँद दिसला का?

शाबान महिन्याची 29 तारीख. मगरिबची नमाज आटोपून माणसे गच्चीवर, मशिदीच्या आवारात जमतात आणि मावळतीकडे नजर लावतात. कोर दिसली की तरावीह सुरू, पहाटे सहरी आणि पहिला रोजा. अलीकडे मात्र चाँद आभाळापेक्षा मोबाइलमध्येच जास्त शोधला जातो. तो आभाळात नेमका कुठे शोधायचा, हे घरातल्या मुलांना कुणी सांगत नाही.

हिशेब तसा सोपा आहे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस, म्हणून हिजरी महिना कधी 29, तर कधी 30 दिवसांचा. वर्ष भरते साधारण 354 दिवसांत. मराठी पंचांगातले महिनेही चंद्राचेच. पण तिथे अधिक मास घालून ऋतूंशी मेळ घातला जातो. हिजरीत तसे नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

सहरीची वेळही आकाशच ठरवते. पहाटेआधी पूर्वेला कधी कधी उभट, फिकट उजेड दिसतो. ती 'सुब्हे काजिब', म्हणजे फसवी पहाट. ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश असतो. नंतर क्षितिजावर आडवा पसरतो तो खऱ्या पहाटेचा उजेड, 'सुब्हे सादिक'. तेव्हा सहरी संपते. दोन्हींतला फरक जुन्या लोकांनी दुर्बिणीविना ओळखला होता.

या कामासाठी मशिदीत पगारी माणूसही असे. त्याला 'मुवक्कित' म्हणत, म्हणजे वेळ सांगणारा. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हा मुवक्कित होता. चंद्राच्या गतीचे त्याने मांडलेले गणित आणि पुढे कोपर्निकसने मांडलेले गणित यांत विलक्षण साम्य आहे. रोहिणी ताऱ्याचे 'अल्डेबरन' हे जगभर रूढ असलेले नाव अरबीच. त्याचा अर्थ 'मागून येणारा'. रोहिणी कृत्तिकांच्या मागोमाग उगवते ना!

हा वारसा सांगितला की अभिमान वाटतो. पण घरातल्याच मुलाने किंवा मुलीने "मला खगोलशास्त्र शिकायचंय" म्हटले की प्रश्न येतो, "त्यात पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे. संशोधनाच्या जागा थोड्या आणि वाट लांब: बारावीला गणित-भौतिकशास्त्र, मग पदवी, एम.एस्सी., पीएच.डी. पण शिकलेले गणित आणि संगणकाचे ज्ञान इतर क्षेत्रांतही उपयोगी पडते. शिवाय महाराष्ट्रातल्या मुलांना यासाठी दूर जावे लागत नाही. पुण्यात 'आयुका' आहे. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिथे शास्त्रज्ञांइतकीच अभियंत्यांचीही गरज लागते. शाळकरी मुलांसाठी खगोलशास्त्राचे ऑलिंपियाड असते. त्याची शिबिरे मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात.

करिअर नको असेल, तर छंद आहेच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. सुरुवातीला दुर्बीण विकत घ्यायचीही गरज नाही. डोळे, वही आणि अंधारी जागा पुरे. "मुलीला रात्री बाहेर कसे पाठवायचे?" या काळजीवरही रमजानमध्ये उत्तर घरातच सापडते. सहरीला सगळे घर जागे असते. जेवण लवकर आटोपून दहा मिनिटे आई-वडिलांसह गच्चीवर जाता येते. शेजारच्या घरातली मुलेही आली, तर हरकत कसली?

आता राहिला ईदचा चाँद. 29व्या रोजाच्या संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळू द्यावा. त्याआधी द्विनेत्री डोळ्यांना लावू नये, नजर जाण्याचा धोका असतो. सूर्य बुडाला त्या जागेच्या आसपास, थोडे वर पाहावे. कोरीची उजळ कड मावळलेल्या सूर्याच्या बाजूला असते. अमावास्या संपून पुरेसे तास झाले नसतील, तर कितीही ताणून पाहिले तरी ती दिसत नाही. आणि दिसली, तरी थोड्याच वेळात मावळते. म्हणून मुलांना वेळेवर गच्चीवर न्यावे. कोर त्यांनाच आधी दिसू द्यावी आणि मोठ्यांनी विचारावे, "कुठे रे? दाखव बघू."