चेहऱ्याचा कोन आणि माणसाची पायरी

चेहरा मोजणे आपल्या समाजाला नवे नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ साली बंगालमधील जातीजमातींची मोजमापे प्रसिद्ध केली आणि नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण जातीच्या पायरीशी नेऊन जोडले. हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. तेव्हा फोटोवरून चेहरा मोजतात म्हटल्यावर आपल्या कार्यकर्त्याला संशय येतो, तो रास्तच आहे. परंतु मोजपट्टी भिरकावून देण्यापूर्वी ती कशी चालते हे समजून घ्यावयास हवे. मी दंतवैद्य नाही, गणिताचा शिक्षक आहे. पण येथे काम भूमितीचेच आहे.

दंतवैद्य चेहऱ्याचा बाजूने फोटो घेतात. मान सहज, दाढा मिटलेल्या, ओठ सैल. त्यावर तीन बिंदू मांडतात : भुवयांमधील कपाळाचा पुढे आलेला भाग, नाकाचा तळ वरच्या ओठाला मिळतो ती जागा आणि हनुवटीचे टोक. हे बिंदू जोडले की मधल्या बिंदूपाशी कोन तयार होतो. आर्नेट व बर्गमन यांनी १९९३ साली दिलेल्या मापानुसार तो १६५ ते १७५ अंश असला तर जबड्यांची जुळणी सर्वसाधारण. कमी भरला तर खालचा जबडा मागे किंवा वरचा पुढे. जास्त भरला तर उलट. फोटो लहानमोठा केला तरी कोन बदलत नाही. डोके मात्र जरासे कॅमेऱ्याकडे वळले, की माप खोटे ठरते.

आता मर्यादा. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली दातांच्या जुळणीचे तीन वर्ग पाडले, ते पहिल्या कायमच्या दाढांवरून : खालची दाढ वरच्या दाढेशी योग्य जागी बसते, मागे पडते की पुढे जाते. बाजूच्या फोटोत दाढ दिसत नाही. जबडा मागे असूनही दात झुकून ते अंतर झाकतात. म्हणजे फोटो संशय दाखवतो. निदानासाठी तोंड उघडून पाहावेच लागते, क्ष-किरण चित्र घ्यावे लागते.

खरा प्रश्न पुढेच आहे. 'सर्वसाधारण' चेहरा कोणाचा? अँगलने आपल्या ग्रंथात अपोलोचा पुतळा आदर्श म्हणून गौरविला होता. पुढे रिकेट्सने नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत रेषा आखली आणि ओठ तिच्या आत असावेत असे सांगितले; हे माप गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेले. आफ्रिकी वंशाच्या निरोगी माणसाचे ओठ त्या रेषेपुढे येतात. तो आजार नव्हे. मापाने निवडलेला नमुनाच तोकडा, हा त्याचा अर्थ.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात नाकाच्या मापांचीच आकडेवारी घेतली आणि तिच्याच आधारे ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत हे दाखवून दिले. आकड्यांकडे पाठ न फिरवता त्यांनी आकड्यांची उलटतपासणी केली.

आपणही तेच करावे. आपल्या मुलाचे दात सरळ करावयाचे सुचवले गेले, तर विचारावे : त्याला चावताना, बोलताना त्रास आहे काय? दात झिजतात, हिरड्या दुखावतात काय? असतील तर उपचार हा त्याचा हक्क आहे, आणि पैशाअभावी तो नाकारला जाऊ नये म्हणून भांडले पाहिजे. पण कारण केवळ 'चेहरा मापात बसत नाही' एवढेच असेल, तर माप कोणाच्या चेहऱ्यावरून घेतले, हे आधी विचारावे.