पिनचा नंबर ड्रायव्हरला कोण सांगतं?

यूएसबीचं उपकरण जोडलं की ते आपली ओळख स्वतःच सांगतं. रास्पबेरी पायच्या ४० पिनांच्या पट्टीला एसपीआयवर जोडलेला छोटा डिस्प्ले मात्र मुका. त्याची रिसेटची वायर कुठे लावली आहे, हे लिनक्सला कुणीतरी लिहूनच द्यावं लागतं.

पूर्वी ही माहिती कर्नलच्या सी कोडमध्येच असे, बोर्डागणिक वेगळी फाइल. एआरएमचे बोर्ड वाढले तसं हे जंगल माजलं आणि २०११मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड त्रागा केला. मग पॉवरपीसीवर आधीपासून रुळलेली डिव्हाइस ट्री एआरएमनेही घेतली. बोर्डाचं वर्णन वेगळ्या मजकूर फाइलीत लिहायचं, डीटीसी या कंपायलरने त्याची बायनरी करायची. ती बूटच्या वेळी कर्नलला मिळते.

समजा, रिसेटची वायर पट्टीवरच्या ११व्या पिनला आहे. चिपच्या हिशेबात तो जीपीआयओ १७, आणि डिव्हाइस ट्रीत १७च लिहायचं. 'रिसेट-जीपीआयओज' या नावापुढे तीन गोष्टी येतात: कंट्रोलर कोणता, ओळ १७, आणि 'अॅक्टिव्ह लो' हा शेरा. ड्रायव्हर फक्त 'रिसेट' मागतो; १७ हा आकडा त्याच्या कोडमध्ये कुठेच नसतो. म्हणून तोच ड्रायव्हर दुसऱ्या बोर्डावरही जसाच्या तसा चालतो.

खरी मेख त्या शेऱ्यात आहे. बहुतेक डिस्प्ले रिसेटची पिन शून्यावर नेली की रिसेट होतात. ड्रायव्हर १ लिहितो तेव्हा त्याला म्हणायचं असतं 'रिसेट कर'. शेरा बघून कर्नल पिनवर शून्य देतो. शेरा चुकला तर सगळं उलटं होतं: ड्रायव्हर 'आता सोड' म्हणतो आणि डिस्प्ले कायमचा रिसेटमध्ये अडकतो. एसपीआयवर पोच मिळत नसल्याने बहुधा लॉगमध्येही चकार शब्द नसतो.

एकाच पिनला अनेक कामंही असतात. पाय ४पर्यंतच्या चिपांत प्रत्येक पिनचं काम तीन बिट ठरवतात: ००० म्हणजे इनपुट, ००१ म्हणजे आउटपुट. जीपीआयओ २ आणि ३ आयटूसीला द्यायच्या तर १००, म्हणून डिव्हाइस ट्रीत त्यांच्यापुढे ४ दिसतो. ही मांडणी 'डिफॉल्ट' नावाने नोंदवली, की ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन चालण्याआधी कर्नल ती स्वतःच लावतो.

तेव्हा स्क्रीन काळीच राहिली तर ड्रायव्हरचा कोड उघडण्याआधी 'जीपीआयओइन्फो' ही कमांड चालवा. १७ क्रमांकाची ओळ कुणी घेतली आहे का आणि तिच्यापुढे 'अॅक्टिव्ह लो' दिसतंय का, ते आधी बघा.