ग्लासगोतले ऊन आणि घरचे तूप

ब्रिटनमधील विद्यापीठांचे वर्ष साधारण सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. महाराष्ट्रातून शिकायला जाणारी मुले तिथे पोहोचतात आणि काही दिवसांतच तिथले उपयोगाचे ऊन संपते. खोली मिळवणे, बँकेत खाते उघडणे, सिमकार्ड, बसचा पास आणि कुकर चालेल अशी शेगडी या धावपळीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काहींचे अंग जड होते, कंबर दुखते, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. फोनवर आई म्हणते, ‘नीट जेवत नसशील.’ मित्र म्हणतात, घरची आठवण येत असेल. दोन्ही खरे असू शकते. पण ड जीवनसत्त्वाची कमतरता हे तिसरे कारण कोणी चटकन बोलून दाखवत नाही.

सावलीवरून ते समजून घेता येते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. माणसाची सावली त्याच्या उंचीहून थोडी कमीच पडते. त्याच दिवसांत लंडनमध्ये सूर्य १५ अंशांवर, तर ग्लासगोत जेमतेम ११ अंशांवर येतो आणि सावली माणसाच्या पाचपट लांब होते. इतक्या तिरप्या किरणांना वातावरणातून फार लांबचा प्रवास करावा लागतो. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण वाटेतच शोषले जातात. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत आकाश निरभ्र असले, तरी ब्रिटनमधील उन्हाचा या कामी जवळजवळ उपयोग नसतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे किरण अडवते. आपल्या उन्हात ते संरक्षण आहे, तिथे मात्र अडथळा ठरते. शिवाय ऊन भरपूर असूनही भारतात ही कमतरता सर्रास आढळते, म्हणजे अनेक जण निघतात तेच तुटपुंज्या शिलकीवर.

ग्लासगोला हा विषय नवा नाही. मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकण्याचा आजार, तिथल्या धुराने काळवंडलेल्या गल्ल्यांत घरोघरी होता. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून काम करून इंग्लंडला परतलेले थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये लिहिले, की हा आजार ऊन असेल तिथे दुर्मीळ आणि ऊन नसेल तिथे फार आढळतो. पुढे कॉडलिव्हर तेल आले, दुसऱ्या महायुद्धात सरकारने मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व मिसळणे बंधनकारक केले आणि मुडदूस विस्मृतीत गेला.

१९६२ मध्ये मॅथ्यू डनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोतील पाकिस्तानी कुटुंबांत तोच आजार पुन्हा नोंदवला. किशोरवयीन मुलांत मुडदूस होता आणि मोठ्यांची हाडे मऊ पडत होती. पाठोपाठ ब्रिटनमधील इतर शहरांतील भारतीय वंशाच्या कुटुंबांतही तो दिसू लागला. सगळी लोकसंख्या जे मार्गारीन पावाला लावत होती, ते या घरांत फारसे येतच नव्हते. इथे तूप होते. एका देशाने आपल्या उन्हाची उणीव आपल्या जेवणात भरून काढली होती. नवे आलेले त्या देशात राहत होते, पण ते जेवण जेवत नव्हते.

त्यावर काय करायचे, यावरून बरीच वर्षे वाद झाला. चपातीवरही संशय घेतला गेला, कारण कोंड्यासकट पिठातील फायटेट कॅल्शियमचे शोषण कमी करते. चपातीच्या पिठातच ड जीवनसत्त्व मिसळावे, ही सूचना पुढे आली आणि १९७० च्या दशकात तसे प्रयोगही झाले. तो मार्ग मात्र सरकारने धरला नाही. १९८१ मध्ये ‘स्टॉप रिकेट्स’ मोहीम सुरू झाली, तेव्हा तिचा भर आशियाई लोकांनी आपल्या सवयी बदलाव्यात यावर असल्याची टीका झाली, आणि ती रास्त होती. मार्गारीन खाणाऱ्यांना कोणी सवय बदलायला सांगितले नव्हते. त्यांच्या डब्यात औषध आधीच घातलेले होते. ग्लासगोत ड जीवनसत्त्व मोफत वाटले गेले आणि मुलांमधील मुडदूस लक्षणीय घटला.

हा मुद्दा आजही लागू आहे. कॅनडात गाईच्या दुधात ड जीवनसत्त्व घालणे सक्तीचे आहे, फिनलंडमध्ये २००३ पासून दुधात व पावाला लावायच्या पदार्थांत ते मिसळतात, अमेरिकेतही बहुतेक दुधात ते असते. ब्रिटनमधील साध्या दुधात ते नसते. त्यामुळे टोरांटोतील मावशीचा सल्ला बर्मिंगहॅममध्ये चालेलच असे नाही. दुधाच्या डब्यावरचा मजकूर वाचावा, हे उत्तम. मासे न खाणाऱ्या घरात तर जेवणातून ते मिळण्याचे मार्ग फारच थोडे उरतात.

ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला सरळ आहे. हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा. अंगावर पिणाऱ्या बाळांना जन्मापासून ८.५ ते १० मायक्रोग्रॅमचे थेंब द्यावेत. गोळ्या तिथे कोणत्याही सुपरमार्केटात मिळतात. काटेकोर शाकाहारी असलेल्यांनी एवढे पाहावे, की ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते आणि कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असू शकते. दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलेही मिळते.

खरी काळजी घ्यायची ती इथून नेलेल्या पुड्यांची. भारतात डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी वा कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती देतात. अशा एका पुडीत रोजच्या ४०० युनिटच्या हिशेबाने पाच महिन्यांची मात्रा असते. ‘रोज एक’ असा समज करून ती घेतली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, सतत तहान आणि मूत्रपिंडांना इजा इथपर्यंत मजल जाते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रौढांनी दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ४,००० युनिटच्या वर जाऊ नये.

हिवाळ्यातील उदासपणाचे गणित वेगळे आहे. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले. त्यात प्रकाश डोळ्यांवाटे शरीराच्या घड्याळावर काम करतो. म्हणून ढगाळ सकाळीही बाहेर पडून चालणे मनाला उपयोगी ठरते. उपचारासाठीचे १०,००० लक्सचे दिवे असतात. पण त्यांतून अतिनील किरण गाळलेले असल्याने हाडांना त्यांचा उपयोग नाही. काचही अतिनील-ब अडवते, तेव्हा खिडकीशी बसून घेतलेले ऊन तिथे काय, पुण्यातही ड जीवनसत्त्व देत नाही. थकवा आणि हाडांचे दुखणे आठवडेच्या आठवडे टिकले, किंवा चालायला लागलेल्या मुलाचे पाय वाकलेले दिसले, तर वसतीजवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवावे. तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. ते काम बँक खात्याबरोबर पहिल्याच आठवड्यात उरकून घेतलेले बरे.